माहेरची मर्सिडीज

अहो, ऐकलंत का? पलीकडच्या नानांची मर्सिडीज बंद होईना! बंद पडली असं नाही म्हणत मी, बंद होईना. दसऱ्याला, बॉनेटवर झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू, नारळ फोडून झालेला, नानांनी ऐटीत किल्ली काढून झब्ब्याच्या खिशात टाकली, आणि इंजिन आपलं घडघडतंय, घडघडतंय… थांबा हं, गॅस बारीक करून येते.

हं. तुम्ही तेव्हा नाशिकला होतात ना, म्हणून तर तुमच्यासाठी सगळं राखून ठेवलंय. पण असं शेवटाकडून नको, मजा जाते. आधी डॅशबोर्ड. सगळं महाभारत त्या डॅशबोर्डवरून.

आता गाडी कोणाची, हे तुम्हाला मी काय सांगायचं! नाना गावभर ‘माझी मर्सिडीज’ करत हिंडतात, पण ती माईंच्या वडिलांची. ते दिल्लीला नोकरीत होते, तेव्हा कुठल्याशा वकिलातीची ही 1979 ची 240 डी एसटीसीकडून, म्हणजे सरकारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनकडून, त्यांच्या पदरात पडली. त्या काळी सरळ मार्गाने परदेशी गाडी हवी तर बहुधा वकिलातींनी वापरलेल्या गाड्यांवर डोळा ठेवायचा. पिंपरीला टेल्कोच्या आवारात मर्सिडीज जोडायला लागले ते 1995 साली, आणि ती ई-क्लास. ही तिच्या आधीची, डब्ल्यू 123 म्हणतात ती. 1976 ते 1986 अशी दहा वर्षं काढली कंपनीने, सत्तावीस लाखांच्या आसपास विकली. नानांना हे आकडे पाठ आहेत. माईंच्या वाढदिवसाची तारीख विचारा, मग बघा.

आणि रंग तो हस्तिदंती. त्यावरून कोजागरीला काय झालं होतं, आठवतंय ना? कोपऱ्यावरच्यांचा भाचा श्टुटगार्टहून आलेला. सगळे गच्चीवर, हातात मसाला दूध, आणि तो पोरगा खाली बघून म्हणतो कसा, “काका, तुमची टॅक्सी मस्त ठेवलीय हो!” अहो, जर्मनीत 1971 साली टॅक्सीला हाच रंग ठरला! आणि टॅक्सी म्हणून तिकडे त्या काळी हीच गाडी. बिचाऱ्याने कौतुकानेच म्हटलं. पण नानांचा चेहरा बघण्याजोगा झाला. पेला ओठापर्यंत गेलेला तसाच खाली आला. मग घसा खाकरून म्हणाले, “ग्रीसच्या एका टॅक्सीवाल्याने 240 डी शेहेचाळीस लाख किलोमीटर चालवली, कंपनीने ती म्युझियममध्ये ठेवलीय.” ते खरंय बरं का, फक्त ती ह्याच्या आधीच्या मॉडेलची होती. पण हे नानांना कोण सांगणार? मी नाही.

तर काय सांगत होते… डॅशबोर्डची भेग.

भेग पडली त्याला कारण नानांचा चिक्कूपणा, दुसरं काही नाही. चांगलं गॅरेज होतं बंगल्याला. ते दिलं भाड्याने, त्या डबेवालीला, आणि गाडी आली अंगणात, तोंड पश्चिमेला. दुपारी दोनपासून सूर्य मावळेपर्यंत समोरच्या काचेतून सरळ आत ऊन. माई म्हणाल्या होत्या तेव्हाच, “अहो, ताडपत्री तरी घाला.” नाना म्हणाले, “जर्मन माल आहे.”

जर्मन असला म्हणून काय झालं! त्यांची धाकटी सून डॉक्टर आहे ना, ससूनला असते ती, तिने मला नीट समजावलं. डॅशबोर्डचं वरचं कातडं पीव्हीसीचं, त्याखाली फोम, त्याखाली कडक सांगाडा. पीव्हीसी मुळात कडकच असतं हो. मऊ राहावं म्हणून त्यात एक तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं. उन्हाने तापून तापून ते हळूहळू बाहेर पडतं. गाडीच्या काचेला आतून धुरकट थर बसतो बघा, कितीही पुसला तरी फडकं चिकट होतं, त्यात बराचसा हाच ऐवज. द्रव्य गेलं की कातडं आकसतं आणि ताठरतं. सांगाडा मात्र होता तेवढाच. मग ओढाताण होऊन ते फाटतं, आणि फाटतं ते जिथे आधीच कापलेलं असतं तिथूनच. काचेखाली गरम हवेच्या फटी असतात ना, स्पीकरच्या जाळ्या, तिथून. ती म्हणे, अमेरिकेत अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाने 2018 साली मोजलं, तासभर उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड सरासरी 69 अंशांवर गेला. आतली हवा 47 वर. आपल्याकडच्या एप्रिलात नानांच्या गाडीचं काय होत असेल, करा हिशेब.

पहिली भेग स्पीकरच्या जाळीपाशी. मग दुसरी. मग तिसरी थेट मधोमध, आणि कडा पापडासारख्या वर वळलेल्या, आत पिवळा फोम दिसतोय, बोट लावलं की भुगा. माईंनी काय केलं असेल? क्रोशाचा रुमाल घातला वरून! त्यावर गणपती. गणपतीच्या बाजूला अगरबत्तीचं घर. मी त्या गाडीतून चतुःशृंगीला गेले होते तेव्हा, उदबत्तीची राख सगळी माझ्या नव्या इरकलीवर. बोलले नाही काही. शेजार आहे.

पुढे ह्या सुनेने लग्नाच्या पहिल्याच वर्षी रुमाल उचलून बघितला. आणि म्हणाली, “बाबा, हे असं झाकून कसं चालेल?” आता सुनेने असं म्हटल्यावर नानांना काहीतरी करून दाखवणं भाग. दुसऱ्या दिवशी बुरूडआळीतून… नाही, टिंबर मार्केटमधून सुतार आणला. म्हणे, सागवानाची फळी बसवतो वरून, पॉलिश करून, रोल्स-रॉइसला असते तशी! सुतार मापं घेऊन चहा पिऊन गेला सुद्धा.

संध्याकाळी सून आली घरी. फळीचं ऐकलं आणि पर्स न ठेवताच उभी राहिली. मी तेव्हा तिथेच होते, साखर मागायला गेले होते. खरंच साखर हवी होती, हसू नका. ती म्हणाली, “बाबा, डॅशबोर्डला गादी का असते माहितीये? डेट्रॉइटला क्लेअर स्ट्रेथ म्हणून प्लास्टिक सर्जन होते, 1930 च्या दशकात. अपघातात डॅशबोर्डवर आपटून फुटलेले चेहरे शिवत बसायचे. शेवटी मोटर कंपन्यांच्या मागे लागले, इथे गादी लावा, ही पुढे आलेली बटणं आत घ्या. अमेरिकेत 1968 पासून तर नियमच झाला, डोकं आपटलं तरी कमी लागेल असाच डॅशबोर्ड हवा. आणि तुम्ही आईंच्या नाकासमोर सागवान ठोकणार?”

आईंच्या नाकासमोर! माई पुढेच बसतात ना नेहमी. माईंनी नानांकडे बघितलं, नानांनी छताकडे. सुताराचा ॲडव्हान्स बुडाला तो बुडालाच.

आणि फळीच कशाला, ते फायबर किंवा गाडीच्या पत्र्याला लावतात ती पुट्टी थापली तरी तेच, असं म्हणाली ती. वरून छान दिसतं, पण गादीचा दगड होतो. शिवाय पुट्टी कडक, खालचा फोम मऊ, पहिल्याच खड्ड्यात पुट्टीलाच भेग. आपल्या रस्त्यांवर तर काय…

बरं, मग अमेरिका प्रकरण. ते तुम्हाला ठाऊक आहेच थोडंफार, खोकं तुमच्याच दारात ठेवून गेला होता ना कुरिअरवाला? त्यात होतं झाकण. तिकडे मिळतं म्हणे तयार, ह्याच गाडीच्या मापाचं, पातळ कडक प्लास्टिकचं. जुना डॅशबोर्ड काढायचा नाही, काही नाही, वरून घालायचं आणि चिकटवायचं. थोरल्या मुलाने पाठवलं न्यू जर्सीहून. किंमत राहू द्या, कस्टमची ड्यूटी भरताना नानांच्या हाताला घाम आला होता.

खोकं उघडायचा समारंभ रविवारी. सगळी आळी जमलेली, माईंनी पोहे केलेले. नानांनी स्वतः पट्टी कापली, थर्माकोल बाजूला केलं, झाकण वर उचललं, आणि… कुणीच काही बोलेना. तुमच्या ह्यांच्या लक्षात आलं सगळ्यात आधी, पण तेही गप्प. शेवटी डबेवालीचा मुलगा, नववीतला, तो म्हणाला, “आजोबा, हे उलटं आहे.”

अहो, मीटरचा उंचवटा डावीकडे! अमेरिकेची गाडी ना ती, तिकडे स्टिअरिंग डावीकडे. आपली उजवीकडे. ऑर्डर देताना मुलाने मॉडेल बघितलं, साल बघितलं, रंग सुद्धा बघितला…  नानांनी ते झाकण एकदा असं फिरवून बघितलं, एकदा तसं फिरवून बघितलं. पोहे गार झाले. आणि माई, अगदी शांतपणे, चमचा पुसत म्हणाल्या, “आरशात बघून बसवा.”

मी पदर तोंडात धरला.

इथे थांबायला हवं होतं की नाही? पण ड्यूटी भरलेली! ती वाया कशी घालवणार? हायवेवरचा एक गॅरेजवाला, नाव नको, तो म्हणाला, “काका, कापून बसवतो.” मधला सपाट भाग घेतला कापून, जोडाला जोड लावला, आणि सिलिकॉन! नळीच्या नळी पिळली. जिथे भेग तिथे सिलिकॉन, जिथे नाही तिथे सिलिकॉन. दोन आठवडे नाना रस्त्यातून येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवत होते. मग ऊन तापलं, झाकण फुगलं एका अंगाला, आणि एक दिवस सिग्नलला उभे असताना कोपरा फटकन वर आला. माई म्हणतात, मी एकदम ‘श्रीराम’ म्हटलं.

तर आता नाना पेठ. हो, नानांसाठी नाना पेठ, सगळे तेच म्हणतात. तिथे स्पेअर पार्टच्या दुकानांच्या मागे एका बोळात सीटवाले चाचा बसतात. पंचाहत्तरीचे असतील. आमच्या सासऱ्यांच्या स्कूटरची सीट त्यांनीच शिवली होती. मीच सुचवलं त्यांचं नाव, ते मात्र कुणी लक्षात ठेवत नाही.

चाचांनी दार उघडलं, वाकून बघितलं, झाकणाची कडा नखाने उचलली. मग सावकाश चष्मा काढला. “ये किसने किया?” सुनेने माईंकडे बघितलं, माईंनी नानांकडे, आणि नाना समोरच्या भिंतीवरचं ‘थुंकू नये’ वाचायला लागले.

चाचा म्हणाले, भेग मला द्या, दहा द्या. सिलिकॉन नको. का, तर त्यावर रंग धरत नाही. पुसला, घासला, तरी कणभर राहतो, आणि रंग मारला की तिथून रंग मागे सरकतो, वाटोळी वाटोळी टिकली उमटते. शिवाय झाकण ओढून काढताना सिलिकॉनबरोबर मूळ कातडंही सोललं, फोमचे लचकेच आले हातात. म्हणजे आधी तीन भेगा होत्या, आता अर्धा डॅशबोर्ड गेला. नानांचा चेहरा असा काही पडला, मला सुद्धा वाईट वाटलं. थोडंसं.

नवीन का नाही आणला, म्हणता? चौकशी केली. उजव्या स्टिअरिंगचा, ह्याच रंगाचा, आणि न तडकलेला… मुंबईला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुद्धा फिरून आला धाकटा. जुना एक मिळाला, त्याला ह्यांच्यापेक्षा जास्त भेगा. सगळ्यात उत्तम उपाय म्हणजे कातडं सबंध काढायचं, फोम नव्याने घडवायचा, आणि तापवून मऊ केलेला नवा पत्रा, प्लास्टिकचा हं, हवा खेचून त्यावर ओढून बसवायचा. अगदी कंपनीतून आल्यासारखं होतं म्हणे. पण त्याला यंत्र लागतं, परदेशात पाठवायचं, पुन्हा ते खोकं, पुन्हा ती कस्टम… नानांनी हात जोडले. रेक्झीनने मढवायचं? चाचा स्वतः रेक्झीनवाले, पण तेच नको म्हणाले. सीट मढवणं सोपं, ती फुगीर असते. डॅशबोर्डला आत वळलेले खळगे. तिथे रेक्झीन सोल्यूशनने बसतं, आणि पहिल्या उन्हाळ्यात सुटून वर येतं. मग काय, भरायचं. पण नीट भरायचं.

त्यासाठी डॅशबोर्ड आधी बाहेर काढायला हवा. आणि इथे नानांचा लेंगा.

मीटरचा डबा त्या गाडीत नुसता रुतवून बसवलेला असतो, दोन बाजूंनी आकडे घालून ओढायचा. नाना म्हणाले, “हे मी करणार, माझी गाडी आहे.” माईंनी खाकरून दाखवलं. चाचा सांगतायत, “साहेब, सबुरीने, मागे नळी आहे.” कारण ऑइलचं प्रेशर दाखवणारा काटा त्या गाडीत तारेवर चालत नाही, इंजिनचं खरं तेल बारीक नळीतून थेट मीटरपर्यंत येतं! नानांनी ओढलं, नळी सुटली, आणि काळंकुट्ट तेल पांढऱ्याशुभ्र लेंग्यावर. मांडीपासून घोट्यापर्यंत. तो लेंगा माईंनी अजून टाकलेला नाही. पाहुणे आले की दोरीवर वाळत घालतात.

काम मी पाहिलंय डोळ्यांनी. रविवार पेठेत माईंना पातेली घ्यायची होती, तशीच पुढे गेलो दोघी. चाचांनी डॅशबोर्ड दोन स्टुलांवर आडवा ठेवलेला, तान्हं पोर न्हायला घालावं इतक्या हळू हाताने सगळं. वर वळलेल्या कडा आधी धारदार पात्याने तासून घेतल्या. त्या दाबून बसत नाहीत हो, कितीही दाबा, पुन्हा वर येतात, म्हणून कापायच्याच, पृष्ठभागाच्या जरा खालीच न्यायच्या. भेगेला दोन्ही बाजूंनी उतार दिला. मग जिथे भेग संपते त्या टोकाला बारीकसं भोक पाडलं ड्रिलने. मी विचारलं, चाचा, फाटलेल्याला आणखी भोक? ते हसले. म्हणाले, “भेग टोकावरून पळते, ताई. टोक गोल केलं की तिला पळायला जागा नाही.” मी माईंकडे बघितलं, माई माझ्याकडे. आम्हा दोघींच्या मनात एकच बाई आली, पण तो विषय वेगळा.

मग भरण. दोन डब्यांतलं कालवून, वाळल्यावर सुद्धा वाकेल असं. एकदम भरायचं नाही, थर थर, प्रत्येक थर वाळला की पॉलिश पेपर, आधी जाड मग बारीक. आणि गंमत सांगू? शेवटचा थर ओला असतानाच त्यावर ठसा मारला! मूळ कातड्यावर ते बारीक दाणे असतात ना, चामड्याचे असावेत असे, ते हवेत, नाहीतर गुळगुळीत पट्टा उठून दिसतो. तर चाचांनी ग्लव्ह बॉक्सच्या खालच्या अंगाला, जिथे कधी ऊन लागलेलं नाही, तिथून रबरी साचा घेतला दाण्यांचा, आणि तो दाबला. साचा उचलला आणि… अहो, मी चष्मा लावून शोधली भेग. सापडेना!

रंगावरून पुन्हा भांडण. नानांना हवा होता चकचकीत. चाचा म्हणाले, चकचकीत केला तर दिवसा काचेत डॅशबोर्डच दिसेल, रस्ता नाही. नाना म्हणाले, बघू. माई पुढे झाल्या, ग्लव्ह बॉक्सच्या खालच्या तुकड्यावर बोट ठेवून म्हणाल्या, “हा रंग. आमच्या बाबांच्या वेळी असाच होता.” झालं. त्यापुढे नानांची काय बिशाद! जिथे सिलिकॉन होता तिथे मात्र रंग दोनदा मागे सरकलाच, चाचांना दोनदा खरवडून पुन्हा मारावा लागला. डाव्या कोपऱ्यात अजून एक टिकली आहे, उन्हात तिरपं बघितलं की दिसते. मी कुणाला दाखवलेली नाही. म्हणजे, तुम्हाला दाखवीन.

खर्च? नाना सगळ्यांना बारा हजार सांगतात. सुनेने मला अठ्ठावीस सांगितला. झाकण, ड्यूटी आणि लेंगा वेगळे.

तर दसरा! गाडी आदल्या रात्री आली. मीटर परत बसवताना चाचांचा नातू होता आणि नाना होते, हे ध्यानात ठेवा. सकाळी पूजा, सगळी आळी बाहेर, सोनं वाटून झालेलं. नानांनी भाषणच केलं जवळजवळ. 2029 ला ह्या गाडीला पन्नास वर्षं होतील, 2021 च्या नियमाप्रमाणे मग ती व्हिंटेज म्हणून नोंदवता येईल, नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं येतील, वगैरे वगैरे. मग आळीला एक फेरी मारून आणली, दारात उभी केली, किल्ली फिरवली, काढली, खिशात टाकली, दार लावून दोन पावलं आले सुद्धा. आणि गाडी चालूच!

आधी वाटलं, राहिली असेल किल्ली. नानांनी खिसा चाचपला. किल्ली खिशात. पुन्हा आत बसले, किल्ली घातली, फिरवली, काढली. घडघड घडघड. गुरुजी म्हणाले, “राहू दे, शुभ आहे.” कोपऱ्यावरचे म्हणाले, बॅटरीची वायर काढा. तुमचे हे म्हणाले, फ्युज. नाना घामाघूम, चेहरा पांढरा, कुणीतरी पंचांग काढायच्या बेतात…

आणि माई उतरल्या पायऱ्यांवरून. पैठणी, नथ, हातात औक्षणाचं तबक. तबक दिलं माझ्या हातात, म्हणाल्या, “बॉनेट उघडा.” झेंडूची माळ बाजूला केली, वाकल्या, डिझेलच्या पंपावर ‘स्टॉप’ लिहिलेला एक खटका असतो, तो अंगठ्याने दाबला. गप्प! इतकी गप्प की गुरुजींच्या मोबाइलवरची आरती ऐकू यायला लागली. माईंनी हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, “बाबांनी शिकवलं होतं.” बस. एवढंच. नानांचा चेहरा मी तुम्हाला वर्णन करून सांगू शकत नाही. मोठा मुलगा व्हिडिओ कॉलवर होता, तो टाळ्या वाजवत होता.

कारण ते नंतर कळलं. पेट्रोलच्या गाडीची ठिणगी तोडली की इंजिन मेलं. डिझेलला ठिणगीच नसते, त्याचं डिझेलच तोडावं लागतं. ह्या गाडीत ते काम किल्लीच्या मागच्या बारीक नळीतल्या हवेच्या ओढीने होतं. मीटर परत बसवताना ती नळी जोडायची राहिली, डॅशबोर्डच्या मागे लोंबत होती. नाना म्हणतात नातू विसरला. नातू म्हणतो, साहेबांनी मला बाजूला सारलं आणि म्हणाले मी जोडतो. चाचा काहीच म्हणत नाहीत, नुसता चष्मा काढतात. नळी लावायला लागलं अर्धं मिनिट.

डबेवालीला नोटीस दिलीय गॅरेज सोडायची. माईंनी दिली, नानांनी नाही. मला तिचंही वाईट वाटतंय, पण तिला मागच्या आळीत जागा मिळतेय म्हणे, मीच बोलले तिथल्या…  असो, ते उद्या.

आता तुमचं. तुमच्या सासऱ्यांची ती कॉन्टेसा, तिच्याही डॅशबोर्डला भेग पडलीय असं तुमची कामवाली सांगत होती. पडली तर पडू दे. भेगेने गाडीचं काही अडत नाही. आज संध्याकाळपासून तिला सावलीत घ्या, नाही जमलं तर काचेला आतून तो चांदीचा पडदा लावा, दीडशेला मिळतो. तो चमक आणणारा सिलिकॉनचा स्प्रे अजिबात मारू नका, रंग मारायची वेळ आली की चाचा शिव्या घालतील. आणि तुमच्या नव्या गाडीवर मात्र झाकण नको, गालिचा नको, गणपती सुद्धा चिकटवू नका, पुढच्या माणसाची एअरबॅग तिथूनच फुटून बाहेर येते. बाकी तुमच्या ह्यांनी सिलिकॉनची नळी हातात घेतलेली दिसली, तर आधी मला हाक मारा. कुंपणाशीच असते मी.